कालिंदीबाईंचा घट

दवाखान्याचं दार उघडण्यापूर्वी कालिंदी रोज शेगडीवर पाण्याचं भांडं ठेवी आणि वाफ येऊ लागली की दोन्ही तळवे त्यावर धरून शेकून घेई. थंडीत करीच, पण काशीच्या गल्लीतले दगड सकाळीच तापलेले असत त्या उन्हाळ्याच्या दिवसांतही करी. औषधं खलायला विद्युल्लता होती. दुष्काळात नगरकडून पोरकी होऊन ती मिशनच्या आसऱ्याला आलेली. ती हसे.

"बाई, शेगडी पेटलीच आहे तर दोन पापड भाजून घेऊ."

"घे भाजून. पण पहिल्या बाईच्या पोटाला गार हात लागला की ती दचकते. आणि ती दचकली की बाहेर बसलेल्या चौघी उठून घरी जातात."

दशाश्वमेधाच्या मागच्या गल्लीत बायकांसाठी मिशनचा हा लहानसा दवाखाना होता. डॉक्टरीणबाईंना सगळे मिससाहेब म्हणत. त्या छावणीकडून एक्क्याने कधीमधी येत. एरवी जखमा धुणं, गळवं फोडणं, तापात बडबडणाऱ्या बाईजवळ बसून राहणं, सगळं कालिंदीकडे. रामघाटाकडच्या दक्षिणी बायका आल्या तर ती त्यांना पातळ औषध देत नसे. दवाखान्याच्या घड्यातलं पाणी पोटात गेलं तर त्यांना घरी जाऊन शुद्ध व्हावं लागलं असतं. ती कोरडी पूड कागदात बांधून देई आणि सांगे, "घरी गंगाजलात कालवून घ्या." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती स्वतः रामघाटची, वेदमूर्ती दत्तात्रेयशास्त्र्यांची मुलगी.

लग्न लागलं तेव्हा ती परकर नेसत होती, आणि नवरा गेला तेव्हाही. आई धाकट्या ढुंढिराजाच्या बाळंतपणात गेली, म्हणून त्याला हिनेच कडेवर वाढवला. ढुंढू चालायला लागला, बोलायला लागला, वडिलांच्या मांडीवर बसून पहिली ऋचा म्हणायला लागला, आणि त्या सुमाराला हिच्या पोटरीला जखम झाली. निमित्त घाटाच्या पायरीवर घसरल्याचं. पण ती भरेना. वर्ष उलटलं, आणखी एक उलटलं. वास येऊ लागला तसं तिचं अंथरूण आधी ओसरीवर आणि मग मागच्या कोठरीत गेलं. घरात कोणी दुष्टपणाने वागलं असं नाही. वडील दाराशी उभे राहून हळू आवाजात सांगत, "पूर्वीचं काही असतं पोरी. काशीत भोगून होतंय हे भाग्यच समज." ती ते खरं मानी. जखमेपेक्षा तोच विचार तिला जास्त ठणके. आईला खाल्लं, नवऱ्याला खाल्लं, आता आपलंच पाप आपला पाय खातंय.

भांडी घासणाऱ्या बाईकडून कळलं म्हणून मिससाहेब एक दिवस शास्त्रीबुवा पाठशाळेत गेलेले पाहून कोठरीत आल्या. जमिनीवर बसल्या, तो पाय मांडीवर घेतला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, दुखतं कधी, सकाळी की रात्री. तोवर तिला हे कोणीच विचारलं नव्हतं.

पट्ट्या बदलायला मिससाहेब येत राहिल्या. शास्त्रीबुवांना कळलं होतं; ते त्या वेळेला मुद्दाम बाहेर जात. एकदा कालिंदीने विचारलं, हे कोणत्या जन्मीचं असेल. मिससाहेबांनी उत्तराच्या जागी जन्मांध माणसाची गोष्ट सांगितली. लोक येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं. तो म्हणतो, कोणाचंच नाही, आणि थुंकीत माती कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. कालिंदीला शिसारी आली. थुंकी, तीही परक्याची, आणि डोळ्यांना. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण पुढे आयुष्यभर तिच्या मनात राहिलं ते तेवढंच, की हा माणूस ओवळा व्हायला भ्याला नाही.

पाय बरा झाला, जरा आखडून राहिला. त्याच पायाने लंगडत ती मिशनच्या आवारात गेली आणि तिने बाप्तिस्मा घेतला.

अशा माणसाचा घट फोडायचा असतो. भाऊबंदांनी जमून, दक्षिणेकडे तोंड करून, पाण्याने भरलेला घडा दासीकडून लाथेने पालथा करवायचा आणि नाव घेऊन म्हणायचं, हिला आमचं पाणी तुटलं. मग आंघोळी, मग सुतक. त्यानंतर ते माणूस हिंडतंफिरतं असलं तरी मेलेलं. त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही. रामघाटच्या मंडळींनी आठवण दिली की दत्तात्रेयशास्त्री पंचांग उघडत, बराच वेळ बघत आणि म्हणत, "या पंधरवड्यात काही जमत नाही." अख्ख्या दक्षिणी काशीला दिवस काढून देणाऱ्या माणसाला हा एक दिवस मरेपर्यंत सापडला नाही. त्यांच्यामागे तो ढुंढिराजालाही सापडला नाही.

ढुंढिराज आता घनपाठी म्हणून ओळखला जात होता. वेदाची पदं पुढेमागे उलटवून, एकही स्वर न हलता म्हणायची विद्या ती. त्याची पहाटेची संथा सुरू झाली की घाटाखालून जाणारे नावाडी वल्ही उचलून धरत म्हणतात. बहीणभाऊ वर्षातून एखाद्या वेळी घाटावर भेटत, चार पायऱ्यांचं अंतर राखून. "अक्का, बरी आहेस ना," तो म्हणे. "बरी आहे. तू वाळलास," ती म्हणे. एवढंच, पण ते होतं.

मग एका थंडीत त्याचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, काढे झाले, वैद्य बदलून झाले. होळीपर्यंत नुसती कुजबुज उरली.

चैत्रात त्याची बायको अन्नपूर्णा दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. कालिंदी हात पुसत दाराशी आली.

"आत ये की."

"नको वन्सं. घरी जाऊन पुन्हा न्हायला लागेल."

"मग मीच बाहेर येते."

"या. पण जरा लांबूनच बोलू."

दोघी गल्लीत उभ्या राहिल्या, मध्ये एक गाय जाईल एवढी जागा ठेवून.

"पाठशाळेतली मुलं गेली," अन्नपूर्णा म्हणाली. "पंचगंगेच्या भटजींकडे जातात आता. घरात कोणी पाणी घेत नाही. तुम्हाला माहीतच आहे लोक काय म्हणतात."

"तू सांग."

"ज्या तोंडाने वेद म्हणायचा त्या तोंडात अजून पतितेचं नाव बहीण म्हणून आहे. म्हणून आवाज गेला. घट फोडा, येईल."

"ढुंढू काय म्हणतो?"

"म्हणायला आवाज कुठाय." अन्नपूर्णेच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, ते अर्ध्यावरच मोडलं. "मान हलवतात. नाही म्हणून. माझं त्यांनी कधी ऐकलंय? तुमच्या कडेवर वाढले, तुमचंच ऐकतात. तुम्ही सांगा त्यांना."

"माझा घट फोड, असं मीच सांगू त्याला?"

"दुसरं कोण सांगणार?"

इतकी वर्षं उशाशी बसून कालिंदी एकच गोष्ट सांगत आली होती. वांझ म्हणून टाकलेल्या बाईला, मेलेलं मूल झालेल्या पोरीला, अंगावर पांढरे डाग उठलेल्या म्हातारीला. हे तुझ्या पापाचं फळ नाही. बऱ्याच जणी बऱ्या झाल्या नव्हत्या, पण ते ऐकून रडल्या होत्या. आता भावाला जाऊन घट फोड म्हणायचं, म्हणजे त्याचा आजार माझ्या पापाचा आहे असं स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. आणि गप्प राहायचं, तर अन्नपूर्णा जन्मभर म्हणणार की एक उपाय होता आणि वन्संनी तो करू दिला नाही.

"आधी मिससाहेबांना त्याचा गळा बघू दे," ती म्हणाली. "मग सांगते."

अन्नपूर्णेने मान खाली घातली. "बघू दे. आता काय उरलंय बाटायचं."

मिससाहेबांनी एक आरसा छताच्या झरोक्याखाली धरून उन्हाचा कवडसा त्याच्या घशात पाडला, दुसरा चिमुकला आरसा आत घालून पाहिलं. ढुंढिराज डोळे मिटून मुलासारखा तोंड उघडून बसला होता. कालिंदीने त्याची हनुवटी धरली होती. कडेवरून उतरवल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता.

मिससाहेबांनी तिला बाजूला नेऊन सांगितलं. क्षय आहे, घशात उतरलाय. औषध नाही. ऊन, दूध, आणि आवाजाला पूर्ण विश्रांती. काही वर्षं निघतील, कदाचित काही महिनेच. "तू प्रार्थना कर," त्या म्हणाल्या, "मीही करते," आणि आरसा पुसत राहिल्या.

तिने प्रार्थना केली. मिशनच्या शाळेतले काशीनाथ मास्तर, जे रविवारी उपदेश करत, त्यांनाही बरोबर घेतलं. मास्तर मूळचे वाईचे, मनाने भले. गुडघे दुखत असूनही ते तिच्याबरोबर फरशीवर टेकत. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. ढुंढिराजाच्या थुंकीत रक्त दिसू लागलं.

"कालिंदीबाई, रागावू नका," मास्तर एकदा प्रार्थनेनंतर म्हणाले. "मागणारं मन स्वच्छ असलं तर मिळतंच. तुमच्या मनात रामघाटाबद्दल कुठे अढी तर नाही? तीच आड येत असेल."

"म्हणजे मास्तर, माझ्यामुळेच."

"तसं नाही म्हणत मी."

"तिकडचे शास्त्रीही तसं नाही म्हणत. ते म्हणतात, शास्त्रात आहे."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. अढी होती की नाही हे तिलाच ठाऊक नव्हतं. असेलही. कोठरीतला तो वास तिला अजून कधी कधी येई. प्रार्थनेला डोळे मिटले की समोर आपलीच पोटरी दिसे. कदाचित सगळेच खरं म्हणत असतील असंही तिला वाटून जाई, आणि त्या दिवशी ती कोणाच्याच उशाशी बसून काही सांगत नसे. नुसती जखम धुई.

आषाढात गंगा वर चढण्याआधी ती रामघाटावर गेली. ढुंढिराज पायरीवर घोंगडी घेऊन बसला होता.

"घट फोड," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. तिने खाली वाकून कान जवळ नेला. "तुला मारून," तो कुजबुजला, "मला आवाज नको."

"आवाज येणार नाही ढुंढू. मिससाहेबांनी सांगितलंय मला. आणि तुझ्या गळ्याला माझ्यामुळे काही झालेलं नाही. तू म्हणालास तरी मी मानायची नाही, सगळी काशी म्हणाली तरी नाही." ती जरा थांबली. "पण अन्नपूर्णा रोज सकाळी उठून तुझ्याकडे बघते आणि तिला वाटतं, एक उपाय बाकी आहे. ते तिच्या मनात राहू देऊ नकोस. लोक दोष माझ्यावर घालतायत ना, घालू दे. मला तो पेलतो. तिला तुझ्यामागे पेलणार नाही."

मग त्याने खालमानेने होकार दिला, आणि घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

चतुर्दशीला घट फोडला. कालिंदी त्या दिवशी दवाखान्यात होती. गर्दी बरीच होती. दुसऱ्या दिवशी रामघाटावर धुणं-भांडी करणारी धनिया लंगडत आली आणि बाकावर बसली. अंगठा सुजून काळानिळा झाला होता.

"कशाने लागलं?" कालिंदीने हिंदीत विचारलं.

धनियाने पदर तोंडाला लावला. "मटकी फूटी ही नहीं, बीबीजी. दो बार लात मारनी पड़ी."

विद्युल्लतेच्या हातातला बत्ता थांबला. कालिंदी खाली बसली, धनियाचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या कडेला खापराची बारीक चीप रुतली होती. ती काढायला वेळ लागला, कारण धनिया हुंदके देत होती आणि पाय हलत होता.

"रोती काहे को हो," कालिंदी म्हणाली. "पैर सीधा रखो."

पट्टी बांधून झाल्यावर ती मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. विद्युल्लता पाहायला गेली तेव्हा ती नुसती बसलेली होती. मुठीत ती चीप होती.

ढुंढिराजाचा आवाज आला नाही. रामघाटच्या मंडळींनी काही दिवस वाट पाहिली, मग दुसरं कारण शोधलं; वडिलांनी लावलेला उशीर हे ते कारण. तिला हे धनियाकडून कळलं.

मिससाहेबांनी सांगितलेलं ऊन तेवढं तो घेत राहिला. दसऱ्यानंतर पाणी उतरलं, पायऱ्या उघड्या पडल्या. दर बुधवारी दुपारी दवाखाना बंद असे. कालिंदी बिसेसर मल्लाहची नाव करून दशाश्वमेधाहून निघे. मणिकर्णिकेच्या धुराखालून जाताना बिसेसर वल्ही जोरात मारी, आणि रामघाटाशी आला की नाव खुंटीला बांधून विडी ओढत बसे. ती खालच्या पायरीवर उतरून बसे. ढुंढिराज वरच्या पायरीवर उन्हात. मेलेल्याशी बोलायला मनाई होती. तो बोलू शकत नव्हताच, आणि ती बोलत नसे. येणारे जाणारे पाहत, पण कोणता नियम मोडला हे कोणाला सांगता येईना. ऊन पायरीवरून सरकलं की ती उठे.

आपण एवढ्या तळमळीने मागितलं होतं ते हे नव्हे, हे तिला कळत होतं. मास्तरांनी विचारलं असतं तर याला बरं होणं म्हणतात असं तिला सांगता आलं नसतं. तो खोकला की तिची बोटं आवळत. पण जाताना तो हात उचलून दाखवी, आणि तो हात तिला आठवडाभर पुरे.

पुढच्या वर्षी पाणी लवकर उतरलं. पितृपक्षात ती गेली तर खालच्या पायरीवर केळीच्या पानावर वाढलेलं होतं. वडे, खीर, अळूची भाजी. वर जिन्यात अन्नपूर्णा उभी होती, पाठ करून. शेजारच्या विद्वान बाईंनी खिडकीतून विचारलं, "अन्नपूर्णे, पतिताला पान नसतं ग ठेवायचं. ऐकलं नाहीस का कधी?"

"कावळ्यासाठी ठेवलंय," अन्नपूर्णा म्हणाली.

"कावळे वरच्या गच्चीत येतात."

"आमचा खाली येतो."

कालिंदीने पान ओढून घेतलं आणि खाल्लं. पितरांच्या नावाने ठेवलेलं अन्न ख्रिस्ती माणसाने खाऊ नये हे तिला ठाऊक होतं. मास्तर दरवर्षी बजावत. खीर थोडी करपली होती. अन्नपूर्णेची खीर नेहमीच करपते असं ढुंढू पूर्वी सांगायचा. तिने वर पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. त्याचे खांदे हलत होते. हसताना त्याला आता आवाज होत नसे.

त्या माघात नदीवर बोचरा वारा होता. एका बुधवारी ती भिजलेल्या शालीत परतली आणि छातीत कळ घेऊन निजली. चार-पाच दिवस ताप मेंदूपर्यंत चढे आणि उतरे. मिससाहेबांनी छातीला नळी लावली आणि विद्युल्लतेकडे पाहून ती गुंडाळली. काशीनाथ मास्तर येऊन उशाशी टेकले.

"विश्वास धरा कालिंदीबाई. आपण बरं होण्यासाठी मागू या."

"मागा की मास्तर. मीही मागते." तिला धाप लागली. "फक्त नाही मिळालं तर कारण शोधत बसू नका. माझ्यात नको आणि तुमच्यातही नको."

मास्तरांनी मान खाली घातली. या वेळी त्यांची प्रार्थना फार लहान झाली.

मंगळवारी दुपारी ताप जरा उतरला. विद्युल्लता तिच्या कपाळाचा घाम पुसत होती. आज ती स्वतःच हात शेकून आली होती.

"बाई, रामघाटावर निरोप पाठवू का?"

"कसा पाठवणार? तिथे माझं बोलणं नाही."

"धनियाकडून पाठवू. अन्नपूर्णाबाईंना तरी."

कालिंदीने डोळे मिटले. बाहेर कोणाचा तरी एक्का थांबून पुढे गेला. तिला झोप लागली असं वाटून विद्युल्लता उठू लागली तेव्हा ती बोलली. ते तिचं शेवटचं बोलणं; त्यानंतर ती तापातून उठली नाही.

"बिसेसरला सांग ग, उद्या नाव आणू नकोस म्हणून. उगाच वाऱ्यात ताटकळत बसेल."